बाळंतिणींच्या कैवारी डॉक्टर रखमाबाई

आपल्या चंद्रपूर व गडचिरोली ह्या जिल्ह्यांत पावसाळा जवळ आला म्हणजे गर्भार स्त्रीच्या घरी दोन चिंता एकदमच शिरतात. पहिली ही की, नदीनाले भरण्यापूर्वी तिला रुग्णालयात पोचवावे की घरीच ठेवावे. दुसरी चिंता बहुधा कोणी मोठ्याने बोलून दाखवीत नाही. ती ही की, त्या मोठ्या, गजबजलेल्या व अनोळखी जागी आपल्या लेकीसुनेचे काय होईल. तेथे तिला कोण ओळखणार? परक्या माणसांसमोर तिची लाज कशी राहणार? तिने वेदनेने हाक मारली तर तिच्याकडे कोण धावणार? पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागड तुटते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ह्या दुसऱ्या चिंतेमुळेही कित्येक स्त्रिया रुग्णालयापासून तुटून राहतात, आणि तो पूर उन्हाळ्यातही ओसरत नाही.

ही भीती आजची नव्हे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सुरत शहरातील स्त्रियांच्या मनात ती ह्याहूनही मोठी होती. ती भीती दूर करण्यात जिने आपले आयुष्य वेचिले, ती बाई मराठी होती. तिचे नाव डॉक्टर रखमाबाई. तिचे नाव पुष्कळांनी एका प्रसिद्ध खटल्याच्या संबंधाने ऐकिले असेल; परंतु खटला चार वर्षांत संपला आणि रुग्णसेवा सुमारे पस्तीस वर्षे चालली. म्हणून ह्या चरित्रात त्या दोन्ही गोष्टी एकत्र पाहू, कारण त्यांचा एकमेकींशी निकटचा संबंध आहे.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबई येथे सुतार ज्ञातीत झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे नाव जयंतीबाई. रखमाबाई जन्मल्या तेव्हा जयंतीबाईंचे वय जेमतेम पंधरा वर्षांचे होते. मूल अडीच वर्षांचे झाले नाही तोच पती वारले, आणि सतराव्या वर्षी ती मुलगी विधवा झाली. एका मुलीच्या मांडीवर दुसरी मुलगी, अशी त्या घराची स्थिती होती. सुतार ज्ञातीत विधवेच्या पुनर्विवाहाची चाल होती. त्याप्रमाणे काही वर्षांनी जयंतीबाईंचा विवाह डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांच्याशी झाला. हे गृहस्थ मुंबईतील नामांकित वैद्य असून ग्रँट वैद्यक महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवीत असत. मुंबई येथे १८८३ मध्ये निसर्ग-इतिहास मंडळ स्थापन झाले, त्याच्या संस्थापकांतही ते होते. अशा विद्वान व दयाळू सावत्र पित्याच्या छायेत रखमाबाईंचे बालपण गेले.

तरीही त्या काळच्या रीतीतून त्यांची सुटका झाली नाही. वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह दादाजी भिकाजी नामक एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावण्यात आला. दादाजी सखाराम अर्जुन ह्यांच्या नात्यातीलच होते. त्यांनी सासऱ्याच्या आश्रयाने राहून शिक्षण घ्यावे व चांगले गृहस्थ व्हावे, असे ठरले होते. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत रखमाबाई वयात आल्या, आणि रूढीप्रमाणे गर्भाधानाचा संस्कार उरकावा म्हणून आप्तांचा आग्रह सुरू झाला. परंतु डॉक्टर सखाराम ह्यांनी त्यास साफ नकार दिला. कोवळ्या शरीरावर मातृत्वाचे ओझे पडले म्हणजे काय होते, हे वैद्य म्हणून त्यांना ठाऊक होते. अपुऱ्या वाढलेल्या कमरेतून मूल बाहेर येत नाही, वेणा दोन-दोन तीन-तीन दिवस चालतात, मूल पोटातच मरते, आणि आई वाचली तरी पुष्कळदा तिच्या देहास अशी इजा होते की जन्मभर तिला चारचौघांत बसता येत नाही. पित्याच्या त्या एका नकारामुळे मुलीचा जीव व तिचे पुढील सर्व आयुष्य वाचले, असे म्हटल्यास चूक होणार नाही.

दादाजींचे शिक्षण मात्र झाले नाही. ते आजारी पडले, अभ्यास सुटला, आणि ते आपल्या मामाच्या घरी जाऊन राहिले. तेथे त्यांना चांगली संगत लाभली नाही. इकडे रखमाबाई आईजवळ राहून वाचू लागल्या. शाळा सुटली होती, तरी फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून त्यांनी घरीच अभ्यास चालविला. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या नाहीत. परंतु मिशनच्या कपाटातील पुस्तके एका सुताराच्या मुलीच्या हाती पडली आणि त्यांतून काय निर्माण झाले, हे आपल्या गावोगावच्या लहान वाचनालयांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या प्रार्थना समाजाच्या सभांस जात व आर्य महिला समाजाच्या कामातही भाग घेत. हा समाज पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये स्थापिला होता. त्याच वर्षी शिक्षणविषयक सरकारी कमिशनपुढे साक्ष देताना रमाबाईंनी अशी मागणी केली होती की, ह्या देशात स्त्री-डॉक्टर तयार करावेत. कारण पुरुष वैद्यास देह दाखविण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या हजारो स्त्रिया येथे आहेत.

१८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात फिर्याद गुदरली की, पत्नीने आपल्या घरी नांदावयास यावे असा हुकूम व्हावा. रखमाबाई तेव्हा वीस वर्षांच्याही नव्हत्या. त्यांचे उत्तर सरळ होते. ज्या विवाहास त्यांनी समजून उमजून कधी संमती दिली नव्हती, तो पाळण्याची त्यांच्यावर सक्ती होऊ नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही ह्यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यावर देशात मोठा गदारोळ उठला. दादाजींनी अपील केले, निकाल फिरला व खटला पुन्हा चालला. अखेरीस ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन ह्यांनी हुकूम केला की, रखमाबाईंनी पतीच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. खटल्याच्या काळातच त्यांचे सावत्र वडील वारले होते, आणि स्वकीयांच्या निंदेचा भडिमार चालला होता. वर्तमानपत्रात एक हिंदू स्त्री ह्या टोपणनावाने त्यांनी बालविवाहाविषयी जी पत्रे लिहिली, त्यांवर लोकमान्य टिळकांसारख्या पुढाऱ्यांनी कडक टीका केली. तर बेहरामजी मलबारी ह्यांच्यासारखे सुधारक त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शेवटी १८८८ च्या जुलै महिन्यात दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली व रखमाबाई मोकळ्या झाल्या. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा होऊन ते वय दहावरून बारा वर्षांवर आले. त्या कायद्यापूर्वी देशभर जी चर्चा झाली, तीत ह्या खटल्याचा वाटा मोठा होता.

मोकळे झालेले आयुष्य कशात घालावे, हा प्रश्न आता पुढे आला. त्यांना घर मांडता आले असते, किंवा सभेतून भाषणे करून नाव मिळविता आले असते. त्यांनी वैद्यकी निवडली. ह्या निवडीमागे डॉक्टर ईडिथ पीची ह्या इंग्रज बाईंचे प्रोत्साहन होते. मुंबईत स्त्रियांकरिता कामा रुग्णालय १८८६ मध्ये उघडले. पेस्तनजी होरमसजी कामा ह्या पारशी गृहस्थांनी त्यासाठी दान दिले होते, आणि ते रुग्णालय स्त्री-डॉक्टरांच्याच हाती सोपविण्यात आले होते. पीचीबाई तेथील प्रमुख होत्या. त्याच सुमारास आनंदीबाई जोशी अमेरिकेत पदवी घेऊन परत आल्या होत्या, परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, काम हाती घेण्यापूर्वीच त्या वारल्या. त्यांनीही चौदाव्या वर्षी मूल गमावले होते. दहा दिवसांचे ते बाळ गेले, आणि वैद्यकी शिकण्याचा त्यांचा निश्चय त्या दुःखातून दृढ झाला होता. आनंदीबाईंचे अपुरे राहिलेले काम जणू रखमाबाईंच्या वाट्यास आले.

१८८९ मध्ये रखमाबाई समुद्र ओलांडून लंडन येथे गेल्या व स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयात दाखल झाल्या. हे विद्यालय १८७४ मध्ये निघाले होते. कारण त्या काळी इंग्लंडातही पुरुषांच्या वैद्यक विद्यालयांची दारे स्त्रियांस बंद होती. प्रत्यक्ष रुग्ण पाहण्याचे शिक्षण त्यांना रॉयल फ्री रुग्णालयात मिळाले. हे गरिबांचे रुग्णालय होते. ईव्हा मॅक्लारेन व त्यांचे पती ह्यांनी लंडनमध्ये त्यांना आपलेपणाने सांभाळिले. १८९४ मध्ये अभ्यास पुरा झाला, आणि ब्रुसेल्स येथील एम. डी. ही पदवीही त्यांनी मिळविली.

त्या काळी प्रसूतीच्या शास्त्रात एक मोठी क्रांती झालेली होती, आणि ती समजल्यावाचून रखमाबाईंच्या कामाचे मोल कळणार नाही. १८४० नंतरच्या वर्षांत व्हिएन्ना शहराच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिगृहे होती. एकात वैद्यकीचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी शिकत. १८४६ मध्ये पहिल्या प्रसूतिगृहात शंभर बाळंतिणींपैकी अकरांहून अधिक मेल्या, दुसऱ्यात तिनांहून कमी. गावातील गरीब स्त्रियांना ही गोष्ट ठाऊक होती. पहिल्या प्रसूतिगृहात नेऊ नये म्हणून त्या गुडघे टेकून विनवीत, आणि कित्येक तर रस्त्यातच बाळंत होत. रस्त्यावर बाळंत झालेल्या त्या स्त्रिया आत बाळंत झालेल्यांपेक्षा अधिक वाचत. सेमेलवाइस नामक तरुण डॉक्टरने ह्याचे कारण शोधिले. विद्यार्थी प्रेत फाडून अभ्यास करीत व तसेच उठून बाळंतिणीस तपासावयास येत. त्यांच्या हातांवरून विष तिच्या देहात जाई. १८४७ च्या मे महिन्यात त्याने सर्वांस क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली, आणि १८४८ मध्ये मृत्यूचे प्रमाण शंभरांत सुमारे एकावर आले. त्याच्या हयातीत फार थोड्यांनी त्याचे ऐकिले. परंतु रखमाबाई शिकत होत्या त्या काळापर्यंत जंतूंचे ज्ञान झाले होते, आणि स्वच्छ हात, उकळलेले हत्यार व धुतलेले वस्त्र ही प्रसूतिगृहाची पहिली आज्ञा ठरली होती.

ह्यावरून एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. रुग्णालयास भिणाऱ्या स्त्रिया मूर्ख नव्हत्या. व्हिएन्नाच्या त्या गरीब बाया विद्वान प्राध्यापकांपेक्षा अधिक खरे बोलत होत्या. भीती नाहीशी करावयाची तर ती हसण्यावारी नेऊन चालत नाही. भीतीचे कारण नाहीसे करावे लागते. रखमाबाईंनी नेमके हेच केले.

स्वदेशी परतल्यावर काही काळ त्यांनी कामा रुग्णालयात काम केले, आणि मग सुरत येथील स्त्रियांच्या रुग्णालयाची सूत्रे हाती घेतली. सुरत शहरात तेव्हा पडद्याची चाल कडक होती. बाळंतपण म्हणजे विटाळाची गोष्ट, म्हणून घरातील सर्वांत अंधारी व कोंदट खोली त्यासाठी ठेवीत. जुने मळके कापड बाळंतिणीच्या वाट्यास येई, कारण ते पुढे टाकूनच द्यावयाचे असे. नाळ कापावयास विळा किंवा जे हाती येईल ते घेत, आणि जखमेवर राख किंवा शेण लावीत. मग आठवड्याभरात बाळाचा जबडा आवळे, अंग ताठ होई व ते मरे. लोक म्हणत की बाहेरची बाधा झाली. खरे पाहता तो धनुर्वात असे. आईस ताप भरे व तीही जाई. रुग्णालयात तर जो मरावयास टेकला आहे त्यानेच जावे, अशी समजूत होती. मग प्रसूतीसारख्या शुभकार्यास कोण तेथे जाणार?

म्हणून आरंभी रुग्णालयात खाटा होत्या, औषधे होती, शिकलेली डॉक्टर होती, परंतु बाळंतपणास येणारी स्त्री मिळेना. ह्या दिवसांविषयी एक गोष्ट सांगितली जाते. रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणून ठेविली आणि तिचे बाळंतपण तेथे नीट पार पाडिले. शेळी व करडे दोन्ही सुखरूप आहेत हे लोकांनी पाहिले, तेव्हा बायांना थोडा धीर आला. काही जण ही गोष्ट ऐकून हसतील. परंतु विलायतेत शिकलेल्या एका डॉक्टरीणबाईने आपला मान बाजूस ठेवून शेळीची सुईण व्हावे, ह्यात केवढी नम्रता आहे, ह्याचा विचार करावा. लोकांनी आपल्याकडे यावे एवढी अपेक्षा करून त्या खुर्चीवर बसून राहिल्या नाहीत. लोक ज्या पायरीवर उभे होते त्या पायरीपर्यंत त्या स्वतः उतरल्या.

पुढे हळूहळू स्त्रिया येऊ लागल्या. एक सुखरूप घरी गेली म्हणजे तिच्या वाड्यातील दुसरी येई. रुग्णालयाविषयीचा विश्वास कोणत्याही हुकुमाने वाढत नाही. घरी परतलेल्या बाळंतिणीच्या तोंडूनच तो पसरतो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला व तो गुजरातेतही पसरला. त्या संकटातही रखमाबाई सुरत येथे आपल्या कामावर राहिल्या. पुढे सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद हे पदक देऊन गौरविले. १९०४ मध्ये दादाजी वारल्याचे वर्तमान आले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचा पांढरा वेष धारण केला. ज्याच्या घरी नांदण्यापेक्षा तुरुंग बरा म्हटले, त्याच्यासाठी हा वेष का, असे पुष्कळांना वाटले असेल. त्यांचे मन आपणांस पूर्णपणे कळणे कठीण आहे. एवढे मात्र दिसते की, त्यांनी कोणाचा द्वेष मनात धरून आयुष्य काढिले नाही. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही.

सुरत येथे सुमारे बावीस वर्षे काम केल्यावर त्यांना स्त्रियांच्या सरकारी वैद्यकीय सेवेत घेण्याची इच्छा दर्शविण्यात आली. ती मानाची जागा होती. परंतु ती न स्वीकारता १९१८ च्या सुमारास त्या राजकोट येथील जनाना रुग्णालयात गेल्या, आणि तेथे आणखी दहा-अकरा वर्षे त्यांनी सेवा केली. वयाच्या पासष्टीच्या सुमारास त्या निवृत्त झाल्या. त्याच वेळी पडद्याची चाल बंद व्हावी म्हणून त्यांनी एक पुस्तिकाही लिहिली. कारण पडद्याआड स्त्रीचा आजार कसा लपतो व लपून कसा वाढतो, हे त्यांनी पस्तीस वर्षे पाहिले होते. उरलेले आयुष्य मुंबईत काढून २५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वद वर्षे उलटल्यावर, त्यांनी शांतपणे देह ठेविला. स्वतःच्या पोटी मूल झाले नाही, परंतु सुरत व राजकोट येथील कित्येक बालकांनी जगात पहिला श्वास त्यांच्या हातांत घेतला.

आता आपल्या वनप्रदेशाकडे वळू. रखमाबाईंच्या काळाहून आज पुष्कळ पालटले आहे. २०१८ ते २०२० ह्या वर्षांच्या सरकारी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे तेहतीस माता मृत्यू पावल्या. व्हिएन्नाच्या त्या प्रसूतिगृहात शंभरांमागे अकरा मरत होत्या, हे आठविले म्हणजे केवढा पल्ला गाठला हे कळते. गडचिरोली येथे स्त्रिया व बालके ह्यांच्याकरिता स्वतंत्र सरकारी रुग्णालय आहे. चंद्रपूर येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. २०११ पासून सरकारी रुग्णालयात बाळंतपण, लागल्यास शस्त्रक्रियेसह, विनामूल्य आहे. औषध, रक्त, तपासणी, जेवण व जाण्यायेण्याचे वाहन ह्यांस पैसा द्यावा लागत नाही. गावोगावी आशाताई आहेत. १०२ व १०८ ह्या क्रमांकांवर गाडी बोलाविता येते. आदिवासी भागातील काही आरोग्य केंद्रांजवळ माहेरघर म्हणून खोली असते; दिवस भरत आले म्हणजे गर्भार स्त्रीने तेथे आधीच येऊन राहावे, अशी योजना आहे.

तथापि, सरासरीचा आकडा दूरच्या टोल्यावरील एका बाईस वाचवीत नाही. आपल्या भागात पुष्कळ स्त्रियांच्या अंगी रक्त कमी असते, आणि सिकलसेलचा आजारही येथे बऱ्याच कुटुंबांत आहे. अशा स्त्रीस बाळंतपणी थोडा रक्तस्राव झाला तरी जीव धोक्यात येतो. म्हणून पुढील खुणा प्रत्येक घराने पाठ कराव्यात. दिवस गेले असता रक्त जाऊ लागणे. तोंडावर व हातांवर सूज येऊन डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे किंवा झटके येणे. वेणा सुरू होऊन बारा तास लोटले तरी मूल न होणे. मूल झाल्यावर रक्त न थांबणे. बाळंतिणीस थंडी वाजून ताप भरणे. बाळाने दूध ओढण्याचे सोडणे. ह्यांपैकी एकही खूण दिसली तर घरी अंगारा-धुपारा करीत बसू नये व सकाळची वाट पाहू नये.

परंतु गाडी मिळाली, रुग्णालय गाठले, म्हणजे सर्व झाले असे नाही. आत गर्दी असते हे खरे आहे. एका परिचारिकेकडे अनेक बाळंतिणी असतात. ती रात्रभर उभी असते. कधी तिच्या तोंडून कठोर शब्द निघतो. माडिया किंवा गोंडी हीच भाषा येणाऱ्या मुलीस तो शब्द कळत नाही, फक्त त्याचा सूर कळतो, आणि तोच ती गावी घेऊन जाते. मग पुढल्या खेपेस त्या टोल्यावरची दुसरी गर्भार स्त्री येत नाही. रखमाबाईंनी वर्षानुवर्षे जो विश्वास थेंबाथेंबाने साठविला, तो एका कठोर शब्दाने सांडू शकतो. जे आपले तरुण मुलगे व मुली परिचारिका, दाई किंवा वाहनचालक म्हणून रुग्णालयांत काम करितात, त्यांनी हे विशेषेकरून मनात बाळगावे. थकलेल्या हातांनीही गोड बोलता येते, आणि बाळंतिणीस त्या घडीला औषधाइतकीच त्या बोलण्याची गरज असते.

उपदेशक बंधूंनो व मंडळीतील वडील बायांनो, येथे तुमचेही काम आहे. २०१६ पासून सरकारी रुग्णालयात प्रसूतीच्या वेळी बाईबरोबर तिच्या नात्यातील किंवा ओळखीची एक स्त्री सोबत ठेवण्यास मुभा आहे. जिने स्वतः रुग्णालयात मूल जन्मास घातले आहे व जिला दोन्ही भाषा येतात, अशी एखादी शहाणी बाई प्रत्येक गावात हेरून ठेवावी आणि पहिलटकरणीबरोबर तिला पाठवावे. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे डॉक्टरांस समजावून सांगणारे माणूस जवळ असले म्हणजे अर्धी भीती जाते. गावात कोणकोण गर्भार आहेत, कोणाचे दिवस आषाढ-श्रावणात भरतात, ह्याची यादी आशाताईजवळ असते. ती उपदेशकानेही विचारून ठेवावी, आणि ज्यांची वाट नदीने अडते त्यांना पूर येण्यापूर्वी आरोग्य केंद्राजवळ हलविण्यास घरच्यांचे मन वळवावे. घरी राहिलेली मुले कोण पाहील, शेताची रोवणी कोण करील, ह्या अडचणी खऱ्या असतात. बाई घरातून निघत नाही ती पुष्कळदा ह्याच कारणाने. मंडळीने त्या वाटून घ्याव्यात.

आणि आपल्या मुलींची लग्ने अठरा वर्षांच्या आत लावू नयेत. कायदा तसा आहेच. परंतु कायद्याआधी एका पित्याने आपल्या घरात हा नियम पाळिला होता. डॉक्टर सखाराम अर्जुन ह्यांनी भाऊबंदांच्या आग्रहापुढे मान तुकविली असती, तर रखमाबाई बाराव्या-तेराव्या वर्षीच एखाद्या अंधाऱ्या खोलीत बाळंतपणाला लागल्या असत्या, आणि बहुधा त्यांचे नावही मागे राहिले नसते. त्यांनी नकार दिला म्हणून ती मुलगी मोठी झाली, शिकली, आणि कित्येक दुसऱ्या मुलींच्या उशाशी जाऊन उभी राहिली. येत्या लग्नसराईत जर कोणा घरी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची सोयरीक ठरत असेल, तर त्या घरच्या वडिलांस ही हकिकत वाचून दाखवावी.